काठी कोणत्या हातात? आईच्या चालण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. आईच्या (वय 71) उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. दुखणं आता फारसं नाही, पण चालताना दर पावलाला उजवीकडे झुकते. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी काठी डाव्या हातात धरायला सांगितली. आईला ते साफ नामंजूर. "दुखणं इकडे आणि टेकू तिकडे?" त्यात शेजारच्या मासींनीही तिचीच री ओढली, मग माझं कोण ऐकतंय!

मला समजलंय ते असं: चालताना प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. डावा हवेत असताना सगळा भार एकट्या उजव्यावर. तेव्हा कंबर डावीकडे खचू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा ग्लुटिअस मीडिअस स्नायू तिला धरून ठेवतो. तो कमजोर असला की माणूस धड त्याच बाजूला झुकवून भागवतो. आईचं तेच चाललंय. पण काठी विरुद्ध हातात का, हे तिला कसं पटवू? आणि जुन्या घराचा उभा जिना आहे, तिथे कोणता पाय आधी?

प्रतिसाद:

ताई, बाईंनी बरोबर सांगितलंय. शरीराचं वजन खुब्याच्या सांध्यापासून बरंच आत पडतं, स्नायू मात्र सांध्याच्या जवळून ओढतो. म्हणून त्याला फार जोर लावावा लागतो आणि चालताना सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. डाव्या हातातली काठी सांध्यापासून लांब टेकते, त्यामुळे थोड्या जोरातही स्नायूचं बरंच काम हलकं होतं. उजव्या हातात धरली तर झुकणं तसंच राहील.

आईंना हे गणित सांगूच नका. ओट्याशी उभं करा, तुम्ही शेजारी थांबा. डाव्या हाताने ओटा धरून डावा पाय किंचित उचलू दे, मग वळून उजव्या हाताने धरून तोच पाय. फरक त्यांचा त्यांनाच कळेल.

काठी आणि उजवा पाय एकदमच पुढे. जिना चढताना डावा आधी, उतरताना काठी आणि उजवा आधी. कठडा असेल तर एक हात त्यावरच. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, बाजारातल्या तयार काठ्या बहुतेकदा उंच निघतात. टोकाचं रबर झिजलं असेल तर आधी ते बदला, जुन्या लाद्या फार गुळगुळीत असतात.