कुकीज आळत नाहीत? पाक बघा

ओव्हनशिवायच्या ओट्स-कोको कुकीज रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही चिकटच राहतात, अशी एकांची तक्रार वाचली. अहो, फ्रीज बिचारा काय करणार, पाकच कच्चा राहतोय! दोन कप साखर, अर्धा कप दूध, अर्धा कप लोणी, पाव कप कोको मध्यम आचेवर ठेवा. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. ढवळत असतानाही मधोमध खदखदत राहिलं की तिथून घड्याळ लावून एक मिनिट, फार तर दीड. थेंब गार पाण्यात टाकला की मऊ गोळी व्हायला हवी. चिक्कीसारखा कडक पाक केलात तर कुकीजचा भुगा होईल.

गॅस बंद करून लगेच अर्धा कप पीनट बटर, चिमूटभर मीठ आणि तीन कप झटपट शिजणारे बारीक ओट्स. जाड ओट्स असतील तर मिक्सरला जरासे फिरवा, पीठ नको. मग बटर पेपरवर चमच्याने भराभर घाला, रेंगाळलात तर पातेल्यातच दगड होतो.

साखर निम्मी करायची कुणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. आळण्याचं काम तीच करते. गूळ घालून कुणी केल्यात का?