आईबाबांना घेऊन बर्कला जावं का? (सिडनीहून, डार्लिंग नदीकाठी)

पिंपळपान:
नमस्कार मंडळी. आम्ही सिडनीत राहतो. आईबाबा साताऱ्याहून आलेत, जुलैच्या शाळेच्या सुट्टीत त्यांना कुठेतरी न्यायचंय. ऑपेरा हाउस, ब्लू माउंटन्स सगळं झालं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे फिरायला गेलं की धरण, कालवा, पूल यापलीकडे त्यांना काही दिसत नाही. परवा नकाशा उघडून बसले आणि म्हणाले, "समुद्र कुठे, हे गाव कुठे! इथे बंदर होतं म्हणतेस, ते दाखव." म्हणजे बर्क. नवऱ्याचं म्हणणं, आठशे किलोमीटर गाडी हाणून तिथे एक ओसाड रस्ता आणि दोन पब दिसतील. आईचा गुडघा दुखतो आणि ती बाहेरचं अंडंसुद्धा चालवून घेत नाही. कुणी गेलंय का?

कापूसवाला_अकोला:
मी बर्कला कापसाच्या शेतावर नोकरीला होतो, आता डब्बोला असतो. तुमच्या मिस्टरांचं अर्धं खरं आहे. रुंद रस्ते, बंद पडलेली दुकानं, काचांवर लोखंडी शटरं, वस्ती दोन हजारांच्या आत. गाडीतून चक्कर मारली तर गाव लगेच संपतं. म्हणून बाबांना गाव दाखवूच नका, नदी दाखवा.

आधी धक्क्यावर न्या. मूळ धक्का १८९७ च्या सुमारास बांधलेला, तो गेला. आताची प्रतिकृती आहे. पण ती बघावी, कारण धक्का तीन मजली आहे. पाणी उतरलं की खालच्या मजल्यावरून माल चढवायचा, पूर आला की वरच्या. एरवी काठावरून वाकून बघावं लागेल इतकं पाणी खोल, आणि पुरात तेच दहा-बारा मीटर वर. साताऱ्याच्या माणसाला पुराचं कौतुक नको सांगायला, पण इथला पूर कोरड्या आभाळाखाली येतो. पाऊस पडलेला असतो वर क्वीन्सलँडकडे, काही आठवड्यांपूर्वी. गावात थेंब नाही आणि नदी फुगतेय, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

१८५९ मध्ये कॅप्टन रँडल आपली 'जेमिनी' बोट घेऊन याच पात्रातून वर ब्रेवॉरिनापर्यंत गेला. मग काठावरची लाल गमची (निलगिरीच्या जातीचं झाड) लाकडं जाळत चाकाच्या आगबोटी सुरू झाल्या. पीठ, साखर, तारा, दारू वर यायची. मेंढ्यांची लोकर खाली वेंटवर्थला, तिथून मरे नदीत. पाणी आटलं की बोट जिथल्या तिथे. 'जेन एलायझा' नावाची बोट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॉर्गनहून निघाली ती तीन वर्षांनी बर्कला पोचली, असं सांगतात. खलाशांचं त्या तीन वर्षांत काय झालं असेल देव जाणे.

आता बाबांना एक कोडं घाला. सिडनीची रेल्वे बर्कला आली १८८५ मध्ये. मग धक्का त्यानंतर बारा वर्षांनी कशाला बांधला? त्याच १८९७ मध्ये गावाखाली बंधारा आणि लॉकही (बोट एका पातळीवरून दुसरीवर चढवायची-उतरवायची दारांची टाकी) झालं, डार्लिंगवरचं एकमेव. उत्तर असं, की रेल्वेने बंदर मारलं नाही, माल उलटा फिरवला. खालच्या गावांची लोकर बोटीने वर बर्कला यायची आणि इथे आगगाडीत चढायची. पुढे ट्रक आले, तेव्हा खरा शेवट. आता तर प्रवासी रेल्वेही नाही, डब्बोहून बस येते.

नॉर्थ बर्कचा १८८३ चा लोखंडी पूल चुकवू नका. मधला गाळा बोट जाण्यासाठी उचलता यायचा. वाहनं आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात, त्यामुळे निवांत बघता येतो. कोर्टाच्या इमारतीच्या टोकावर मुकुट आहे. इतक्या आत असूनही त्या कोर्टाला दर्यावर्दी खटले चालवायचा अधिकार होता, त्याची ती खूण, असं गावकरी सांगतात.

आणि स्मशानभूमी. आईंना म्हणावं कंटाळा करू नका. डॉ. फ्रेड हॉलोज तिथे आहेत. डोळ्यांचे डॉक्टर, या भागातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये त्यांनी काम केलं, नेपाळ-एरिट्रियात डोळ्यात बसवायच्या स्वस्त भिंगांचे कारखाने उभे राहिले त्यांच्यामुळे. १९९३ मध्ये गेले, आणि मला बर्कलाच पुरा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. जवळच पत्र्याची छोटीशी मशीद आणि उंटवाल्यांच्या कबरी आहेत. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यात बलुची, पंजाबी, सिंधीही होते. जिथे बोट पोचत नव्हती तिथून लोकर उंटांवर येत होती.

मेलबर्नची_मंजू:
इतक्या लांब कशाला? आई-वडील वयस्कर, गुडघे दुखतायत. मरे नदीकाठच्या एचुकाला या. मेलबर्नपासून अडीच-तीन तास, १८६५ चा लाल गमच्या लाकडाचा भलामोठा धक्का, आणि बोटी खरोखरच्या वाफेवर चालतात. 'ॲडलेड' तर १८६६ ची आहे. शिवाय कॉफी, बाकडी, स्वच्छ टॉयलेट. बर्कला आम्ही गेलो तेव्हा नदी हिरवी आणि गाव झोपलेलं.

कापूसवाला_अकोला:
मंजूताई, एचुका सुंदर आहे, वाद नाही. फक्त बोटीत बसायचं असेल तर तिथेच जावं. बर्कलाही 'जँड्रा' नावाची चाकाची बोट फेरी मारते, पण पाणी आणि हंगाम बघून. आधी फोन करा.

हिरव्या पाण्याचं म्हणाल तर त्याचं खापर माझ्याच धंद्यावर फुटतं, आणि ते सगळंच खोटं नाही. आमच्या वऱ्हाडात कापूस म्हणजे कोरडवाहू, आभाळाकडे बघत बसायचं. इथे नदीला जोर आला की मोठाले पंप लावून पाणी तळ्यांत भरून ठेवतात. खालच्या अंगाला मेनिंडीला २०१९ च्या जानेवारीत लाखो मासे मेले, तेव्हा दुष्काळ की उपसा यावर बर्कच्या पबात मारामारी व्हायची बाकी होती. बारकिंडजी लोक या नदीला बाका म्हणतात, त्यांचं नावच नदीवरून. त्यांचं कुणी ऐकतंय असं मला तरी तिथे असताना दिसलं नाही. तुमचे बाबा पाणीवाटपातले, त्यांना हे भांडण ओळखीचं वाटेल.

पिंपळपान:
बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच बॅग भरायला निघालेत. 😄 खाण्याचं आणि रस्त्याचं सांगा ना.

कापूसवाला_अकोला:
वाटेत डब्बोला मुक्काम करा, एका दिवसात ओढू नका. भाज्या, डाळ-तांदूळ तिथेच घ्या आणि बर्कला स्वयंपाकघर असलेली खोली बघा. पबमध्ये आईंना चिप्स आणि सॅलड मिळेल, बस. जुलैत दिवसा अठरा-वीस डिग्री, छान ऊन. रात्री मात्र पाचपर्यंत उतरतं, शाल हवी. पुढे नाइंगन गाव लागतं, त्यानंतर दोनशे किलोमीटर रस्ता जवळजवळ सरळ, झोप येते. टाकी नाइंगनला भरा. अंधार पडायच्या आत पोचाच, संध्याकाळी कांगारू गाडीपुढे उड्या मारतात. गाडी भाड्याची असेल तर विम्याचा कागद नीट वाचा, काही कंपन्या रात्री गावाबाहेर झालेलं नुकसान धरत नाहीत.

एक दिवस जास्त काढून ब्रेवॉरिनाला जा, शंभरेक किलोमीटर. नदीच्या पात्रात न्गेम्बा लोकांनी दगड रचून केलेले मासे धरायचे सापळे आहेत, अर्धवर्तुळाकार कप्पे, जवळजवळ अर्धा किलोमीटर. चुना नाही, सिमेंट नाही. पाणी कमी-जास्त झालं तरी कुठले ना कुठले कप्पे चालू राहतील अशी रचना. बाबा तिथून लवकर हलणार नाहीत, आईंसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका.

मेलबर्नची_मंजू:
हे सापळे आम्ही बघितलेच नाहीत! पाणी जास्त असलं तर दिसतात का?

कापूसवाला_अकोला:
नाही, पुरात बुडतात. जायच्या आधी नदीची पातळी ऑनलाइन बघा, रोजची मिळते. तुमच्या बाबांना ते बघायला सांगा, त्यांचं तेच काम होतं.