शब्दचर्चा: ‘व्हिप काढून घेतला’ म्हणजे नेमकं काय केलं?

शेवंती

एका दिवाळी अंकासाठी ब्रिटिश संसदेतल्या मागच्या बाकांवरच्या खासदारांवरचा मोठा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. मंत्रिपद नाही, विरोधी पक्षातलं छायामंत्रिपदही नाही, अशा खासदाराने सभागृहात काय काय केलं, मतं कुठे टाकली, पक्षाविरुद्ध कितीदा गेला, याचा त्यात हिशेब आहे. लेखात सर्वांत जास्त जागा जेरेमी कॉर्बिन यांना दिली आहे. ते १९८३ पासून इस्लिंग्टन नॉर्थचे खासदार आहेत आणि २०१५ साली पक्षनेते होईपर्यंत कायम मागच्या बाकांवरच होते.

अडलं आहे ते २०२० मधल्या प्रसंगाशी. मी लिहिलं, ‘मजूर पक्षाने त्यांचा व्हिप काढून घेतला.’ संपादकांनी समासात विचारलं, ‘म्हणजे हवं तसं मत द्यायला मोकळं सोडलं का?’ त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे व्हिप बजावतात, झुगारतात, फार तर मागे घेतात. मागे घेतला की आमदार सुटला. तिकडे व्हिप काढून घेणं ही शिक्षा आहे. काय लिहू?

पेठकरी

‘पक्षातून निलंबित केलं’ लिहा. वाचकाला कळतं, वाक्य छोटं होतं.

लेस्टरकर

कळतं खरं, पण चुकीचं कळतं. कॉर्बिन यांचंच उदाहरण घ्या. २९ ऑक्टोबर २०२० ला पक्षाने त्यांना निलंबित केलं. १७ नोव्हेंबरला पक्षाच्या कार्यकारिणीच्या समितीने निलंबन उठवलं, सदस्यत्व परत मिळालं. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी जाहीर केलं की व्हिप परत देणार नाही. म्हणजे माणूस पक्षाचा सभासद आहे, पण सभागृहात पक्षाचा खासदार म्हणून धरला जात नाही. २०२४ ला ते त्याच मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आले. ‘पक्षातून निलंबित’ लिहिलंत तर १७ आणि १८ नोव्हेंबरमधला सगळा फरक पुसला जातो, आणि त्या प्रकरणाचं मर्म तर तिथेच आहे.

माजी वार्ताहर

मी बरीच वर्षं विधिमंडळाचं वार्तांकन केलं आहे. इंग्रजीत एकाच शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आहेत. एक माणूस, तो आपल्याकडे प्रतोद. दुसरा कागद, तो पक्षादेश. तिसरी गोष्ट म्हणजे संसदीय पक्षातली जागा, आणि तिला मराठीत नाव नाही, कारण आपल्याकडे ती वेळच येत नाही. १९८५ ला पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची राज्यघटनेत आली तेव्हापासून पक्षादेश मोडला की थेट अपात्रतेची टांगती तलवार. तिकडे पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जात नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या २१ जणांनी ब्रेक्झिटच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत दिलं, सरकार ३२८ विरुद्ध ३०१ असं हरलं आणि त्या एकवीसही जणांचा व्हिप गेला. त्यात माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. पण खासदार म्हणून सगळे तिथेच बसले.

माझं मत: ‘संसदीय पक्षातून बाहेर काढलं.’ शिवसेनेच्या खटल्यानंतर विधिमंडळ पक्ष वेगळा आणि राजकीय पक्ष वेगळा हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मे २०२३ च्या निकालात प्रतोद कुणी नेमायचा यावरच न्यायालयाने बोट ठेवलं होतं. तोवर ‘प्रतोद’ हा शब्द अधिवेशनापुरता असायचा, तेव्हापासून तो चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला.

अमरकोश

‘प्रतोद’ हा फार नेमका शब्द आहे, म्हणून राहवत नाही. तुद् म्हणजे टोचणे, प्र-तुद् पासून प्रतोद. सारथ्याच्या हातात असतो तो. इंग्रजी शब्द शिकारीतून आला आहे. कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांचा जथा भरकटू नये म्हणून चाबूक घेऊन मागे राहणारा एक माणूस असतो, त्याच्यावरून तो संसदेत शिरला. एकीकडे जनावर पांगू नये म्हणून चाबूक, दुसरीकडे चालत राहावं म्हणून टोचणी. आपल्या पूर्वसुरींनी चाबकाचं भाषांतर चाबूक असं न करता टोचणीचा शब्द उचलला. आणि माझी खात्री आहे की आपली ‘पराणी’ याच ‘प्रतोदा’पासून आली असावी.

काळी चार

पराणी आमच्या घरात अजून आहे. वेताची काठी, टोकाला बारीक खिळा. आजोबा ती बैलाला क्वचितच लावत, नुसती दिसली तरी पुरत असे. पण ‘प्रतोद’वरून ‘पराणी’ कशी होईल? ‘त’ गेला म्हणू, ‘द’चा ‘ण’ कुठल्या नियमाने झाला? संस्कृतात टोचणीलाच ‘प्राजन’ असाही शब्द आहे. तो कितीतरी जवळचा वाटतो.

अमरकोश

‘प्राजन’ जवळचा आहे हे मान्य. पण बोलीभाषा दर वेळी नियमाने चालत नाहीत.

काळी चार

मग कुठलाही शब्द कुठूनही आणता येईल.

आणखी एक गोष्ट. आपली वर्तमानपत्रं ‘तीन ओळींचा व्हिप’ छापतात. वाचकाला वाटतं तीन ओळींचं पत्र आलं. कागदावर त्या कामकाजाखाली तीन रेघा मारलेल्या असतात, म्हणजे यायलाच हवं. एक रेघ असेल तर सवडीने. ‘तीन रेघांचा’ म्हटलं तर किती सोपं होईल.

पेठकरी

‘तीन ओळींचा’ रूढ झाला आहे. रूढ झालेल्या शब्दाला शुद्ध करत बसू नये. ‘व्हिप’ही रूढ आहे, म्हणून मी ‘पक्षादेश’ लिहीतच नाही. लोक काय बोलतात ते लिहावं.

माजी वार्ताहर

पेठकरी, लोक ‘व्हिप’ बोलतात हे खरं. पण लोक बोलतात तो आपला व्हिप, बजावला जाणारा. शेवंतीताईंची अडचण तिथेच सुरू झाली. शब्द रूढ असला तरी अर्थ रूढ नसेल तर काय उपयोग?

गोदाकाठ

शेवंतीताई, तुमच्या लेखात मतविभागणी आली असेल. तिथे जपा. निवडणुकीच्या बातम्यांनी तो शब्द पळवला आहे. ‘मतविभागणीचा फायदा’ म्हटलं की तिरंगी लढत डोळ्यांसमोर येते. सभागृहातल्या मतदानासाठी ‘पोल’ बरा, आपल्या विधानसभेत ‘पोल मागितला’ असंच म्हणतात.

लेस्टरकर

पण तिकडे सभागृह खरंच विभागतं, म्हणून विभागणीच हवी. मी प्रेक्षक सज्जातून पाहिलं आहे. अध्यक्ष आधी नुसत्या आवाजावर कौल घेतात. दोन्हीकडून ओरडा आला की घंटा वाजू लागतात, इमारतीत सगळीकडे, आणि आसपासच्या काही पबांतसुद्धा. आठ मिनिटं मिळतात. खासदार जेवणाच्या टेबलावरून, समितीच्या खोल्यांमधून पळत येतात. होकारवाले अध्यक्षांच्या उजव्या हाताच्या दालनात, नकारवाले डाव्या. आठ मिनिटं झाली की दारं बंद. मग ओळीने बाहेर पडायचं आणि दाराशी उभे असलेले दोन्ही बाजूंचे मोजणारे डोकी मोजतात. या मोजणाऱ्यांची स्वतःची मतं बेरजेत धरत नाहीत. शेवटी ते चौघे टेबलासमोर येऊन उभे राहतात आणि जिंकलेल्या बाजूचा एक जण आकडे वाचतो. कौल काय लागला ते आकड्याआधी कोण वाचायला पुढे झालं यावरूनच कळतं.

बटण दाबून पाच सेकंदांत संपणाऱ्या गोष्टीला आणि याला एकच शब्द कसा चालेल?

गोदाकाठ

आपल्याकडेही दर वेळी बटण नसतं. जुलै २०२२ ला विश्वासदर्शक ठरावावर एकेकाला उभं करून शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. २०१४ ला आवाजी मतदानावर ठराव मंजूर झाला, विरोधक विभागणी मागत राहिले, त्यावरून केवढं रण माजलं. म्हणून म्हणते, ‘पोल’.

शेवंती

त्या दालनांना मी ‘लॉबी’च ठेवलं आहे. पण ‘ते नकाराच्या लॉबीत गेले’ वाचून कुणाला साखर लॉबीसारखं काही वाटेल का?

काळी चार

हमखास वाटेल. ‘दालन’ लिहा. आणि मोजणाऱ्यांना ‘टेलर’ लिहू नका, गावाकडे तो कपडे शिवतो. ‘गणक’ लिहा.

नवी सोबतीण

मी इंग्लंडमध्ये शिकते. इथल्या खासदारांच्या मतदानाच्या नोंदी ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तिथली माहिती मराठीत सांगताना लोक सर्रास ‘अमुक ठरावावर तटस्थ राहिले’ लिहितात. ते मला खटकतं. कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, तटस्थ अशी नोंदच नसते. नाव होकारात असतं, नकारात असतं, नाहीतर नसतं. नसण्याची कारणं पन्नास. कुणी मुद्दाम बाहेर राहिलेलं असतं. कुणी परदेशी समितीबरोबर असतं. कुणाची विरुद्ध पक्षातल्या खासदाराबरोबर जोडी लावलेली असते, दोघांनीही मत द्यायचं नाही असं ठरवून. उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे खासदार तर जागाच स्वीकारत नाहीत. या सगळ्यांना ‘तटस्थ’ म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

जानेवारी २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या खासदार ट्युलिप सिद्दिक यांनी सिझेरियन पुढे ढकललं आणि ब्रेक्झिट कराराच्या मतदानाला चाकाच्या खुर्चीतून आल्या. आदल्या जुलैत एका बाळंतिणीची जोडी सत्ताधाऱ्यांकडून मोडली गेली होती, त्यामुळे जोडीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्या दिवशी करार ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. महिना संपायच्या आत प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय झाली. त्या आल्या नसत्या तर नोंदीत त्यांच्या नावापुढे कोरी जागा दिसली असती, आणि आपण मराठीत लिहिलं असतं ‘तटस्थ’ किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘गैरहजर’. ‘मत नोंदवलं नाही’ एवढंच लिहावं. त्यात कसलाही आरोप नाही.

पेठकरी

हे पटलं. मात्र ‘जोडी लावली’ वाचून लग्न आठवतं.

माजी वार्ताहर

मला ‘बंडखोर’ हा शब्द जास्त छळतो. १९९७ ते २०१० या मजूर सरकारच्या काळात कॉर्बिन यांनी ४२८ वेळा पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, आणि त्या संपूर्ण काळात ते पक्षातच राहिले. मराठीत बंडखोर म्हणजे ज्याला तिकीट मिळालं नाही म्हणून अपक्ष अर्ज भरतो तो, किंवा गट घेऊन परगावी जातो तो. ४२८ बंडं करून कुणी घरात राहतं का? ‘पक्षाविरुद्ध मत दिलं’ असं साधं लिहिलं तर त्या माणसाची चिकाटीही दिसते आणि पक्षाची सहनशीलताही.

अमरकोश

मग दादाभाई नौरोजींना काय म्हणाल? १८९२ ला फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल म्हणून निवडून आले, मताधिक्य अवघं पाच. सरकार त्यांच्याच पक्षाचं, ग्लॅडस्टन यांचं. जून १८९३ मध्ये हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला की सनदी सेवेच्या परीक्षा हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकाच वेळी घ्याव्यात. दादाभाईंनी अनुमोदन दिलं. सरकारचा विरोध होता. ठराव ८४ विरुद्ध ७६ ने मंजूर झाला आणि सरकारने तो अंमलात आणलाच नाही. दुसरीकडे आयर्लंडच्या स्वराज्य विधेयकात हेच दादाभाई ग्लॅडस्टन यांच्या पाठीशी होते. मागच्या बाकावरच्या माणसाचं काम कसं असतं ते या दोन बाजूंतून दिसतं. एल्फिन्स्टन कॉलेजातल्या या प्राध्यापकाला मी ‘बंडखोर’ म्हणणार नाही. ‘स्वतंत्र बाण्याचा’ म्हणेन.

लेस्टरकर

‘मागच्या बाकावरचा’ हाही शब्द तपासून घ्या. डेनिस स्किनर १९७० ते २०१९ खासदार होते, मंत्री कधीच झाले नाहीत. त्यांची जागा मात्र सगळ्यांत पुढच्या बाकावर, मधल्या वाटेच्या पलीकडच्या कोपऱ्यात. पंतप्रधानपद गेल्यावर एडवर्ड हीथही पलीकडच्या भागातल्या पुढच्याच बाकावर बसत. आसनं ४२७, सदस्य ६५०, तेव्हा गर्दीच्या दिवशी कित्येकांना बाकच मिळत नाही. ‘मागचा बाक’ हे ठिकाणाचं नाव नाही, पद नसल्याचं नाव आहे.

गोदाकाठ

मराठीत ‘मागच्या बाकावरचा’ म्हटलं की वर्गातला उनाड मुलगा. ‘पदविरहित सदस्य’ कसा वाटतो?

काळी चार

सरकारी परिपत्रकासारखा. ‘साधा खासदार’ म्हणा.

माजी वार्ताहर

‘साधा’ नको. सिडनी सिल्व्हरमन मंत्री नव्हते, आणि १९६५ ला खुनासाठीची फाशी थांबवणारा कायदा त्यांच्या विधेयकामुळे झाला. १९६७ चा गर्भपाताचा कायदा डेव्हिड स्टील यांच्या विधेयकातून आला. आणि शेवंतीताई, अशा विधेयकाला ‘खासगी विधेयक’ लिहू नका. तिकडे खासगी विधेयक हा निराळाच प्रकार आहे, एखाद्या संस्थेपुरता किंवा कंपनीपुरता. आपला ‘अशासकीय विधेयक’ हा शब्द इथे चपखल बसतो.

शेवंती

‘अशासकीय विधेयक’, ‘मत नोंदवलं नाही’, ‘तीन रेघांचा’ हे तिन्ही घेतले. ‘पोल’ घेणार नाही. इंग्रजी लेखातल्या विभागणीला मराठीत आणखी एक इंग्रजी शब्द देणं मनाला पटत नाही. आता मूळ वाक्य: ‘संसदीय पक्षातून बाहेर काढलं’ चालवू का? जुलै २०२४ ला दोन मुलांच्या भत्त्याच्या मर्यादेवर सरकारविरुद्ध मत दिलेल्या सात मजूर खासदारांचा व्हिप सहा महिन्यांसाठी गेला, तेही लेखात आहे. तिथे ‘बाहेर काढलं’ कायमचं वाटतं.

नवी सोबतीण

तिथे ‘संसदीय पक्षातून निलंबित’. कॉर्बिनना तर त्यांनी परत घेतलंच नाही, तिथे ‘घेतलं नाही’ हेच क्रियापद हवं. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बसवायचा हट्ट का?

पेठकरी

कारण वाचकाला ती एकच शिक्षा आहे हे कळायला हवं. माझं मत अजूनही ‘व्हिप काढला’, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा.

गोदाकाठ

खुलासा वाचकाच्या लक्षात राहत नाही. बरं, दिवसाचं कामकाज संपताना एका खासदाराला मतदारसंघाचा प्रश्न मांडायला अर्धा तास मिळतो, त्याला काय लिहिलं आहे? कृपा करून ‘स्थगन प्रस्ताव’ नको. आपल्याकडे तो सरकारवर निंदेचा बाण असतो.

शेवंती

‘स्थगन चर्चा’ लिहिलं होतं.

माजी वार्ताहर

‘अर्धा तास चर्चा’. आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर हाच शब्द असतो, वेळही तीच.

काळी चार

पण आपली अर्धा तास चर्चा आधी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातून निघते. तिकडे तशी अट आहे का?

लेस्टरकर

नाही, विषय खासदार स्वतः निवडतो. चिठ्ठ्या टाकून नाव निघतं किंवा अध्यक्ष निवडतात, आणि उत्तराला एक मंत्री असतो.

काळी चार

मग हा शब्दही नेमका नाही. ‘दिवसअखेरची चर्चा’?