मदत हवी आहे: ११४ मिमी दुर्बिणीसाठी घरी सौर फिल्टर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. ११४ मिमीची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण आहे, फोकल लेंथ ९०० मिमी. सूर्यावरचे डाग बघायचे आहेत आणि २ ऑगस्ट २०२७ च्या खंडग्रास ग्रहणाआधी हात बसायला हवा. (ऑगस्टात ढगांनी कृपा केली तर!)

बाडर अ‍ॅस्ट्रोसोलरची ५.० घनतेची, म्हणजे एक लाखांश प्रकाश सोडणारी फिल्म मागवली आहे. पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये ती दुहेरी चिकटपट्टीने बसवली. ताणलेली नाही, थोड्या सुरकुत्या आहेत. त्याने प्रतिमा बिघडत नाही असं वाचलंय. दुर्बिणीच्या नळीच्या तोंडावर हे फिल्मचं टोपण घट्ट बसतं, पण आमच्या गच्चीवर वारा जोरदार. ते उडालं आणि डोळा आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) असला तर संपलंच! चिकटपट्टी पुरेल, की बाजूने तीन नायलॉन स्क्रू लावू?

दुसरं, उजेडासमोर धरल्यावर फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढं एक छिद्र दिसतं. काळ्या मार्करचा ठिपका चालेल, की फिल्म बदलू?

फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढूनच ठेवलाय. आयपीसमध्ये बसणारी जुनी काळी काच वापरणार नाही, उष्णतेने ती तडकते. शेजारचे काका म्हणतात, "एक्स-रे लाव की!" त्यांना कसं समजावू, की अंधार दिसला तरी अवरक्त किरणं आत शिरतातच?

ज्यांनी स्वतः बनवलंय, त्यांनी टोपणाचा फोटो टाकला तर फार बरं होईल.