रातकिड्याची गोष्ट मुलीला मराठीतून सांगताना येणाऱ्या अडचणी

वाचनवेडी :
माझी मुलगी आठ वर्षांची आहे. रात्री झोपण्यापूर्वी एक प्रकरण वाचायचे, असा आमचा नेम आहे. सध्या जॉर्ज सेल्डन यांचे ‘द क्रिकेट इन टाइम्स स्क्वेअर’ हे 1960 सालचे पुस्तक घेतले आहे. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठीत सांगायचे, अशी माझी रोजची कसरत चालू असते. शीर्षकापाशीच पहिली ठेच लागली, कारण कन्येने विचारले, “स्टेशनात क्रिकेट कोण खेळतं?” इंग्रजीत रातकिड्यालाही ‘क्रिकेट’च म्हणतात, असे सांगून ते निस्तरले, पण कनेक्टिकटच्या कुरणातून सहलीच्या टोपलीत बसून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकात येऊन पडलेला हा चेस्टर नावाचा रातकिडा ज्या आवाजामुळे पुढे शहरभर गाजतो, त्या आवाजाला मराठीत म्हणायचे काय? ‘किरकिर’ हा शब्द ताटावर बसून कुरकुरणाऱ्या माझ्या मुलीलाच मी रोज ऐकवते, त्यामुळे “चेस्टरची किरकिर ऐकून मारिओ मोहून गेला” असे (मारिओ म्हणजे त्याला स्थानकात सापडवणारा, वर्तमानपत्रांच्या स्टॉलवरचा मुलगा) म्हणताच ती खो-खो हसली.

आणखी दोन शंका आहेत. साई फाँग या चिनी दुकानदाराच्या तोंडी मोडके, खिल्ली उडवल्यासारखे इंग्रजी घातले आहे. ते कसे सांगावे? शिवाय शेवटी चेस्टर सर्वांना सोडून गावी परततो, हे मी पुढची पाने चाळून पाहिले आहे. मुलगी हळवी आहे. तो भाग थोडा सौम्य करावा का?

सांजवेळ :
‘किरकिर’ टाळायचीच असेल तर ‘किर्र’ घ्या. किर्र रान, किर्र रात्र असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसतो. मात्र माझा आग्रह क्रियापदापुरता आहे : चेस्टर गातो असे न म्हणता तो वाजवतो असे म्हणा. नर रातकिडा आवाज काढतो तो गळ्यातून नव्हे, तर पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून. एका पंखावरच्या शिरेला बारीक दाते असतात आणि दुसऱ्या पंखाची कड त्यांवरून फिरते. सारंगीवर गज फिरवावा तसाच हा प्रकार आहे, आणि मारिओच्या कानी पडणाऱ्या पहिल्या आवाजाला सेल्डन यांनीही व्हायोलिनच्या तारांचीच उपमा दिली आहे. कंगव्याच्या दातांवरून पोस्टकार्डाची कड ओढून दाखवा, मुलीला लगेच कळेल. रेडिओवरची गाणी ऐकून ती हुबेहूब वाजवणे ही अर्थात लेखकाची करामत, खरा रातकिडा आपल्या ठरलेल्या सुरांपलीकडे जात नाही.

जुनी पाने :
साई फाँगच्या बाबतीत मराठीत सांगण्याचा तुम्हाला फायदाच आहे, कारण ते मोडके बोलणे मराठीत आणण्याची काहीच गरज नाही. त्याला सरळ, अदबीचे मराठी द्या. या चित्रणावर पुढे बरीच टीका झाली आणि 2022 साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत ते संवाद बदलण्यात आले. शक्य असल्यास तीच प्रत मिळवा. हा प्रसंग गाळू मात्र नका. गाण्यासाठी रातकिडे पिंजऱ्यात पाळण्याची चीनमधली परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे सबंध न्यूयॉर्कमध्ये चेस्टरची किंमत पहिल्यांदा ओळखतो तो हाच दुकानदार. काड्यापेटीत झोपणाऱ्या किड्याला पॅगोडाच्या आकाराचा, घंटी लावलेला पिंजरा मिळतो तो त्याच्याकडून, आणि पुढे चेस्टरला खायला तुतीची पाने लागतात हेही तिथेच उलगडते.

मधली सुट्टी :
शेवट सौम्य करू नका, असे मी कळकळीने सांगेन, कारण हे पुस्तक मला आवडते ते त्या शेवटामुळेच. बेलिनी कुटुंबाचा वर्तमानपत्रांचा स्टॉल जेमतेम चालत असतो, त्यात चेस्टर झोपेत पान समजून दोन डॉलरची अर्धी नोट खातो, पुढे स्टॉलला आग लागते आणि मारिओची आई चेस्टरला अपशकुनी ठरवते. मग तो तिच्या आवडीचे इटालियन गाणे वाजवतो आणि ती रागावलेली बाई स्वतःच गुणगुणू लागते. (ते पान मी वर्गात तीनदा वाचले आहे.) त्यानंतर एका संगीतशिक्षकाचे पत्र वर्तमानपत्रात छापून येते, सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी रोज दोन कार्यक्रम होऊ लागतात आणि स्टॉलची भरभराट होते. पण वाटेल तेव्हा वाजवणारा हा किडा आता घड्याळ पाहून वाजवतो आणि दमतो. तो सुखी नसेल तर इथे आलाच नसता तर बरे झाले असते, असे मारिओ बोलून जातो; ते ऐकल्यावर चेस्टरचा निर्णय होतो. जाताना तो पिंजऱ्यातली छोटी घंटी बरोबर नेतो आणि ती नाहीशी झालेली पाहून मारिओला सारे कळते. हळव्या मुलांना त्या घंटीचा आधार वाटतो, तेव्हा पिंजरा पहिल्यांदा येईल त्या रात्री तिचा उल्लेख ठसठशीत करा.

वाचनवेडी :
आपणा सर्वांचे आभार. काल कंगवा आणि जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घेऊन वादन झाले. नोट खाण्याचे प्रकरणही संपले; नुकसान भरून काढण्यासाठी टकर नावाचा चिक्कू उंदीर आपली आयुष्यभराची पुंजी काढून देतो, तेव्हा हसता हसता ती गप्प झाली. सकाळी तिचा गल्ला खिडकीपाशी ठेवलेला दिसला. कारण विचारले तर म्हणाली, “आपल्याकडे रातकिडा आला आणि त्याने बाबांची नोट खाल्ली तर?”