मदत हवी आहे: फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटना (एमबीबीएस होऊन पुढे शिकणाऱ्या डॉक्टरांना) चालू ओपीडीत शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी, इथे डॉक्टर बरेच आहेत म्हणून विचारतोय, बाकीच्यांनी पेशंट म्हणून मत दिलं तरी चालेल, उलट बरंच होईल. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी स्वतः डीएनबी (एमबीबीएसनंतरची पदवी) फॅमिली मेडिसिन, म्हणजे घरच्या डॉक्टरचंच शास्त्र, वीस वर्षं जिल्ह्याच्या गावी दवाखाना. इथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात याच डीएनबीच्या सीट्स आल्या तेव्हा मला म्हणाले आठवड्यातून तीन दिवस सकाळी येऊन ओपीडी बघा आणि रेसिडेंटना शिकवा. हौसेनं हो म्हणालो. पेशंट बघता येतो म्हणजे शिकवताही येईल असं वाटलं होतं, तिथेच फसलो.

तीन वर्षांचा कोर्स, पोरं मेडिसिन, सर्जरी, पीडिया, गायनॅक, कॅज्युअल्टी सगळीकडे फिरतात. तिथे हाताशी दोन माणसं जास्त मिळाली म्हणून सगळे खूश, आणि माझ्या ओपीडीत यायची वेळ झाली की वॉर्डातून फोन, सर तुमच्या रेसिडेंटला आज सोडा, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी) टाकायचीय. सेंट्रल लाइन तिला माझ्यापेक्षा छान जमते हो. पण "अंगात कसकस आहे, गॅस डोक्यात चढतोय" म्हणणारा माणूस समोर बसला की गाडी अडते, मग सीबीसी, विडाल, थायरॉइड, बी12, रक्ताच्या सगळ्या तपासण्या लिहून मोकळे.

मध्यंतरीचा किस्सा. एक आजी, पासष्टीच्या आसपास, दोन्ही पायांना दीड-दोन महिने सूज. सेकंड इयरच्या रेसिडेंटने व्यवस्थित तपासलं, दम लागत नाही, छाती साफ, पोटात पाणी नाही, सगळं लिहिलं, आणि प्लॅन काय तर 2डी एको (हृदयाची सोनोग्राफी), क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ततपासणी), लघवीची तपासणी आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध) सुरू. क्रिएटिनिन, लघवी मीही सांगितली असती. पण आजींच्या मांडीवर औषधांची कापडी पिशवी होती आणि ती कुणी उघडलीच नव्हती. मी पिशवी मागितली, टेबलावर उपडी केली. दोन स्ट्रिपा, एक लाल एक निळी, नावं वेगळी, मागे बारीक अक्षरात दोन्हींवर अमलोडिपिन 5 मिग्रॅ, म्हणजे बीपीचं एकच औषध. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी मुलीकडे राहायला गेल्या होत्या तिथली. "लाल बीपीची, निळी चक्करची," आजी म्हणाल्या. अमलोडिपिनने घोटे सुजतात हे त्या पोरीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, परीक्षेचे एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) घोकूनच तर आलेत सगळे.

खरी चूक त्यापुढची, आणि ती माझी. मी खुर्ची पुढे ओढली, सगळं मीच बोललो, निळी बंद, दहा दिवसांनी बीपी दाखवायला या, खेळ खलास. दोन मिनिटंही लागली नाहीत. पोरीचा चेहरा एवढासा झाला. दहा दिवसांनी आजी आल्या, सूज बरीच उतरलेली, बीपी ठीक, आणि दारातच सिस्टरला म्हणाल्या, "त्या पोरीकडं नको, मोठ्या डॉक्टरांकडं सोड." म्हणजे जिने शिकायचं तिने उतरलेली सूज पाहिलीच नाही.

सकाळी साठ-सत्तर पेशंट असतात. प्रत्येकाला थांबून शिकवलं तर रांग जिन्यापर्यंत जाते, नाही शिकवलं तर पोरं नुसती माझी कारकून. कुठे गप्प बसायचं, कुठे मध्ये पडायचं, आणि पेशंटने रेसिडेंटला आपली डॉक्टर कधी म्हणायचं? तुम्ही कसं करता?

प्रतिसाद १
सर, पुण्यात मी हेच करते म्हणून लिहितेय. वन मिनिट प्रिसेप्टर (प्रिसेप्टर म्हणजे काम करता करता शिकवणारा) म्हणून एक पद्धत आहे, 1992 मध्ये अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्याच लोकांनी मांडलेली. रेसिडेंट केस सांगून तुमच्या तोंडाकडे बघत थांबते ना, तिथे तोंड उघडायचं नाही. आधी विचारायचं, तुझ्या मते काय आहे आणि काय करशील? तिने एका गोष्टीवर बोट ठेवायलाच हवं, बरोबर असो चूक असो. मग कशावरून, दुसरं काय डोक्यात होतं. मग एकच मुद्दा शिकवायचा, आख्खं चॅप्टर नाही. मग काय बरोबर केलं ते नेमकं, "छान" म्हणून भागत नाही, "दम लागतो का ते आधी विचारलंस ते बरोबर" असं. शेवटी काय राहिलं ते. नावात मिनिट आहे पण चार-पाच मिनिटं जातातच. आणि सत्तर पेशंटना हे करूच नका, सकाळी चार केसेस निवडा.

प्रतिसाद २
कशाला एवढं? आम्हाला कोणी शिकवलं? सिनियरच्या दवाखान्यात स्टुलावर बसून सहा महिने नुसतं ऐकलं आणि दुकान टाकलं. चुकू द्या, शिकतील.

प्रतिसाद ३
मी अमेरिकेत, ओहायोत रेसिडेन्सीमध्ये शिकवतो. इथे प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या वर्षापासून स्वतःचे पेशंट नेमून दिलेले असतात, तीन वर्षं तेच, त्यामुळे उतरलेली सूज त्यालाच बघावी लागते आणि न उतरलेलीही. सुरुवातीला एका दुपारी मोजकेच पेशंट, हळूहळू वाढवत नेतात. एका शिकवणाऱ्यामागे चारपेक्षा जास्त रेसिडेंट चालत नाहीत आणि चौघांना बघत असताना त्याने स्वतःची वेगळी ओपीडी चालवायची नसते. दादा, तुम्ही स्वतःचे सत्तर बघत शिकवताय, सगळा घोळ तिथेच आहे.

मॅनेजमेंटला समजवायला एक आकडा देतो. 1961 मध्ये कर व्हाइट या अमेरिकन संशोधक डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की हजार मोठ्या माणसांत महिन्याभरात साडेसातशे जणांना काही ना काही दुखणं होतं, अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ जण ॲडमिट होतात आणि मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात पोचतो तो एक. तुमची पोरं त्या नऊ जणांवर शिकून सगळ्या अडीचशेंचे डॉक्टर होणार आहेत.

प्रतिसाद ४
मी पेशंट. आत गेलं की दोघं डॉक्टर आपापसात इंग्रजीत बोलतात आणि आपण मधल्या मध्ये, मला वाटतं कॅन्सरच निघाला. शिकवा की, पण मराठीत शिकवा, आम्हालाही कळेल.

प्रतिसाद ५
मी याच ब्रँचची थर्ड इयर रेसिडेंट, दुसऱ्या शहरात. सर, तुम्ही चूक कबूल केलीत तेच खूप वाटलं. घरचे अजून विचारतात जीपीच व्हायचं होतं तर तीन वर्षं आणि थिसिस कशाला, वॉर्डात म्हणतात तू कुठल्याच डिपार्टमेंटची नाहीस. तेवढ्यात पेशंटसमोर "ही शिकतेय" म्हटलं की उरलीसुरली हवा जाते. आमचे सर आत आले की स्टुलावर बसतात, डॉक्टरची खुर्ची आमचीच. पेशंट त्यांच्याकडे बघून बोलायला लागला की ते आमच्याकडे बघतात, बास, पेशंटची मान आपोआप वळते.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. प्रतिसाद २ वाले दादा, चुकायला माझी ना नाही, पण त्या चुकीची किंमत आजींनी का द्यायची?

स्टूल आणलं. पहिल्या दिवशी कंबर धरली, पण मान वळते हे खरंय. सकाळी चारच केसेस, मराठीत, पेशंटसमोर. पिशवी उपडी करणं आता सिस्टरच दारात करून घेते.

एक गंमत झाली. पोरांना सांगत होतो की पेशंटला सुरुवातीला बोलू द्या, 1984 च्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला तोडतात असं निघालं होतं वगैरे. तर तीच सेकंड इयरवाली म्हणाली, सर तुमचं मोजू का? मोबाइलवर मोजलं. अकरा सेकंद. त्यानंतर माझी मान जरा खाली गेलीय.

आजी परत आल्या तेव्हा मी मुद्दाम स्टुलावर होतो. त्यांनी सवयीने पिशवी माझ्याकडे केली, मी पोरीकडे बघितलं, तिने पिशवी घेतली. "बघ बाई तूच," म्हणाल्या, आवाजात नाराजी होतीच. बघू, पुढच्या खेपेला काय म्हणतात.

वॉर्डाचे फोन मात्र तसेच येतायत. हजारातल्या नवाचा आकडा मीटिंगमध्ये सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गुरुवारी माझ्या दोघी रेसिडेंटनाही आयसीयूत कामाला नेलं. ओपीडीचे दिवस रोस्टरवर लिहून पक्के करून घेतलेत असं कोणी आहे का इथे? कोणाच्या सहीने जमलं तेवढं सांगा.