लाल चतुराची ओळख हवी आहे (सातारा)

रानवाट: सोबतच्या छायाचित्रातील लाल चतुर (ड्रॅगनफ्लाय) कोणता, हे कृपया आजच कळवावे, कारण उद्या शाळेच्या निसर्ग मंडळाच्या फलकावर त्याचे नाव लिहायचे आहे. मोबाईलमधील ॲप दर वेळी वेगळे नाव सुचवते, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही.

कृष्णाकाठ: छायाचित्र अगदी समोरून घेतल्यामुळे डोळे आणि पाय यांपलीकडे काहीच दिसत नाही. आपल्या भागात नर लाल असणाऱ्या अनेक जाती आहेत. चतुर कोठे बसला होता, पोटाच्या मध्यावरून सलग काळी रेघ जाते का आणि पंखांच्या बुडाशी असलेला डाग केवढा आहे, हे कळल्याशिवाय नाव सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

माणदेशी: ओळखीचे नंतर पाहू, आधी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्यावी.

कृष्णाकाठ: मॅक्रो लेन्ससाठी इतके जवळ जावे लागते की भर उन्हात चतुर उडूनच जातो. ३०० मिलिमीटरची लेन्स लांबून पुरते, आणि चतुर बहुधा त्याच जागी परत येऊन बसत असल्याने थोडे थांबावे.

माणदेशी: पहाटे गारव्यात चतुर सुस्त असतात, तेव्हा मॅक्रोच सरस ठरते.

घाटमाथा: पावसाळ्यानंतर थव्याने उडणारे पिवळसर चतुर पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स जातीचे असतात आणि ते समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत स्थलांतर करतात.

रानवाट: मी लाल चतुराविषयी विचारले होते. तो संगम माहुलीला नदीपात्रातील उघड्या खडकावर बसला होता. वरून घेतलेले, जरा हललेले छायाचित्र आता जोडले आहे. सलग रेघ नाही. पंखांच्या बुडाशी मोठा नारिंगी डाग आहे.

वाईकर: मग हा ट्रायथेमिस ऑरोरा असावा.

कृष्णाकाठ: असहमत. ऑरोराच्या लाल रंगात गुलाबी-जांभळट झाक असते आणि तो बहुधा काडीवर किंवा पाणवनस्पतीवर बसतो. सलग रेघ नसल्याने क्रोकोथेमिस सर्व्हिलियाही बाद होतो. उघडा खडक, शेंदरी लाल अंग आणि चारही पंखांवरचे मोठे डाग पाहता हा ट्रायथेमिस किर्बीचा नर आहे, असे माझे मत आहे. तरी फलकावर नावापुढे ‘बहुधा’ लिहावे.

रानवाट: ‘बहुधा’ आमच्या मुख्याध्यापकांना चालणार नाही. बाजूने घेतलेले आणखी एक छायाचित्र सापडले आहे, ते पाहून कृपया पक्के सांगावे.